दगडातला गणपती आणि करवतीचं पातं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात आतल्या पानावर एक बातमी आली. गोदाकाठच्या एका गावात नदीपात्रात दगड सापडला, त्यात ‘स्वयंभू गणपती’ प्रकटले, दर्शनाला रीघ लागली आणि मुंबईच्या कुणा गृहस्थाने त्याचे चार लाख रुपये देऊ केले. सोबत रंगीत फोटो. मथळ्याखाली ‘शास्त्रज्ञही चक्रावले’ अशी ओळ होती, पण अख्ख्या बातमीत एकाही शास्त्रज्ञाचा ठावठिकाणा नाही. ते असो. मथळा करणाऱ्याला रात्री अकरा वाजता जागा भरायची असते, हे मी समजू शकतो. माझं म्हणणं फोटोबद्दल आहे.

फोटो पाहिला तेव्हा मला गणपतीच्या आधी खिडकी दिसली. दगडाच्या त्या चेहऱ्यावर कुणाच्या तरी घरातल्या खिडकीचं प्रतिबिंब पडलंय, गजांसकट, आणि गज सरळ आहेत. नदी दगडाला गोल करते, गुळगुळीत करते, सपाट करत नाही. गज सरळ दिसतील इतकं सपाट तर कधीच नाही. शिवाय त्या चेहऱ्याची कड करकरीत आहे. पाण्यात लोळलेल्या दगडाची कड अशी राहूच शकत नाही. म्हणजे तो दगड कुणीतरी कापला, घासला, त्याला पॉलिश केलं आणि मग तो ‘सापडला’. ज्याला सापडला त्याने लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्याच्या हाती तो तसाच आला असेल. पण दगड यंत्रावरून आलाय एवढं नक्की.

हे एवढ्या ठामपणे सांगायचं कारण म्हणजे सपाटी हा माझा धंदा होता. सातपूरच्या एका कारखान्यात मी ३४ वर्षं सरफेस ग्राइंडर चालवला. जॉब उजेडात तिरका धरला की त्यात ट्यूबलाइटची रेघ वाकडी दिसते की सरळ, यावरून तो पास की नापास हे डायल लावायच्या आधी कळायचं. २०११ साली निवृत्त झालो. घरात बसून टीव्ही बघण्याचा स्वभाव नाही. भंगारातून वॉशिंग मशीनची मोटर आणली, टाइलच्या दुकानातून सहा इंची डायमंड ब्लेड आणलं, आणि पाण्यासाठी सलाइनची रिकामी बाटली नळीसकट खिळ्याला टांगली. थेंब किती पडावा ते चाकीने कमी-जास्त करता येतं, याहून चांगला कूलंट पंप मला कुठे मिळणार होता? तेव्हापासून बाल्कनीत बसून दगड कापतो. शेजाऱ्यांशी ठरलंय, दुपारी दोन ते चार बंद.

मी कापतो तो मुख्यतः जॅस्पर. आपल्या बातमीतलाही तोच दिसतोय. विटकरी तांबडा, मधूनमधून मोहरीसारखा पिवळा, कडेला दुधाळ पट्टा. बोलीत आपण याला सरसकट गारगोटी म्हणून मोकळे होतो आणि त्यात फारसं चूक नाही, कारण घराणं तेच, क्वार्ट्झचं. चाकूने ओरखडत नाही. उलट चाकूचंच पोलाद झिजून दगडावर करडी रेघ उमटते. जॅस्परचे कण इतके बारीक असतात की साध्या भिंगातून दिसत नाहीत, आणि त्या कणांच्या मधोमध लोहाची नाहीतर मातीची भेसळ अडकलेली असते, कधीकधी वीस टक्क्यांपर्यंत. या भेसळीमुळे त्यातून उजेड आरपार जात नाही. आणि या भेसळीचंच चित्र होतं.

नाशिककरांना खरं तर दगडांचं कौतुक नवीन नाही. पांडवलेण्याच्या डोंगरालगतच्या खाणीतून निघालेले ॲपोफिलाइटचे हिरवट स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे गेलेत. सिन्नरला तर गारगोटी या नावाचंच संग्रहालय आहे. पण ते सगळं कौतुक चकाकणाऱ्या स्फटिकांचं. जॅस्पर बाहेरून मुर्दाड. वरच्या सालीवर माती, एखादी पिवळी खपली. शेताच्या बांधावर पडलेला असतो, बैलाच्या खुराला लागला तर शिव्या खातो. त्याच्या पोटात काय आहे ते कळण्याचा एकच मार्ग, कापणे. बरं, कापायच्या आधी अंदाज घ्यायचा तर तो ओला करावा लागतो, कारण ओला दगड पॉलिश केल्यावर जसा दिसेल साधारण तसाच दिसतो. रानात पाणी हाताशी नसतं. मग आम्ही लोक सरळ चाटून बघतो. आमच्या सौ.नी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा धाकट्या जावेला फोन करून सांगितलं, ‘पेन्शन पुरत नाही वाटतं, आता दगड चाटायला लागलेत.’

आता चित्र कसं होतं ते सांगतो. बातमीत ते राहून गेलंय, आणि माझ्या मते खरी बातमी तीच आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे पूर आले. एक नाही, एकामागून एक. एक थर आला, थिजला, मग काही काळ काहीच नाही. त्या मधल्या काळात वर माती तयार झाली, राख पडली, पाऊस पडला, पाणी साचलं. मग पुढचा थर आला आणि त्याने ती खालची माती भाजून काढली. घाटात कापलेल्या कड्यांकडे पाहिलंत तर अनेक ठिकाणी काळ्या थरांच्या मधे गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. तीच ही माती. लाव्ह्याच्या थरातही बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, थंड होताना भेगा पडल्या. आपल्या काळ्या कातळात वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका असते, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचा बनतो तो पदार्थ. गरम पाणी त्यातून झिरपत राहिलं की थोडी थोडी सिलिका त्यात विरघळते, आणि पाणी निवलं की ती कुठेतरी बसते. स्वच्छ रिकामी पोकळी मिळाली तर थरावर थर बसून त्यातून आरपार दिसणारा अकीक होतो. पण पाण्याला चिखल नाहीतर राख भेटली, तर सिलिका तिच्यात भिनते. कपड्याला खळ करावी तशी. हळूहळू अख्खा चिखल दगड होतो, रंगासकट. तो जॅस्पर.

रंग म्हणजे बहुतेक लोहच. गंजाच्या दोन तऱ्हा असतात, एक तांबडी आणि एक पिवळी. पिवळीत पाणी बांधलेलं असतं. ती तापली की पाणी निघून जातं आणि ती तांबडी होते. वीटभट्टीत कच्ची वीट मातकट जाते आणि लाल होऊन बाहेर येते, तेच. म्हणून एकाच दगडात हळदीचा आणि कुंकवाचा रंग शेजारीशेजारी सापडतात. हिरवा रंग असेल तर तो आपल्या दख्खनच्या दगडात बहुधा सेलाडोनाइट नावाच्या खनिजाचा.

रेघा कशा येतात ही यातली मला सर्वांत आवडती गोष्ट. १८९६ साली लिझेगांग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर जिलेटिनचा थर दिला, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेलं होतं, आणि मधोमध सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडला. थेंब पसरत गेला. रंग सलग पसरायला हवा होता, पण उमटली ती वर्तुळं, एकाबाहेर एक, मधे मोकळी जागा. कारण असं की क्षार साका होऊन बसायला त्याचं प्रमाण एका मर्यादेपर्यंत वाढावं लागतं. तिथे पोचलं की एक रेघ बसते, आणि बसताना आजूबाजूचा माल ओढून घेते. लगेच पुढे मग काही शिल्लकच नसतं. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा साठा होतो, पुन्हा रेघ. सिलिकाही दगड होण्याआधी बराच काळ अशीच जेलीसारखी असू शकते. तिच्यातून लोहाचं पाणी झिरपलं की तोच खेळ. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन वाळली की नकाशासारख्या कडा उमटतात ना, दिसायला तसंच, कारण मात्र वेगळं. सगळ्याच जॅस्परमधल्या सगळ्याच रेघा अशा होतात असं नाही. काही नुसत्या गाळाच्या थरांच्या असतात. पण डोंगरामागे डोंगर, त्यामागे आणखी फिका डोंगर, असं जे चित्र दिसतं, त्यात बऱ्याचदा या झिरपण्याचा हात असतो.

मग त्यात झाडं येतात. दगडाला केसासारखी भेग पडते, भेगेतून मँगेनीजचं पाणी शिरतं आणि काळी नक्षी पसरत जाते, बाभळीच्या फांद्यांसारखी. लोक म्हणतात पूर्वीचं झाड दगडात अडकलं. झाड कसलं, क्षार आहे तो. कधी अख्खा दगडच जमिनीच्या हालचालीत फुटतो आणि त्याचे तुकडे पुन्हा सिलिकानेच जोडले जातात, आपल्याकडच्या जुन्या मोझेक फरशीसारखे. कधी एका बिंदूपासून स्फटिक चहूकडे सारखे वाढतात आणि गोळे बनतात. कापल्यावर त्यांचे डोळे दिसतात, मोरपिसासारखे. मादागास्करच्या वायव्य किनाऱ्यावरचा असा डोळेवाला जॅस्पर जगभर विकला जातो. माझ्याकडे त्याचा सुपारीएवढा एक तुकडा आहे, भाचीने आणलेला. अजून कापलेला नाही, धीर होत नाही.

चित्रांचा जॅस्पर म्हणून सर्वांत नावाजलेला दगड मात्र अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातला, कोलंबिया नदीकाठच्या बिग्ज नावाच्या ठिकाणचा. १९६०च्या दशकात तो छंदी लोकांच्या हाती लागला. वाळवंट, टेकड्या, वर करडं आकाश, कुणी पेन्सिलीने काढल्यासारखं. आणि गंमत ही, की कोलंबियाचा तो प्रदेशही आपल्यासारखाच, लाव्ह्याच्या पुरांनी बनलेला. वयाने खूप लहान, त्यातला बहुतेक लाव्हा सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तिकडच्या दगडाला नाव आहे, त्याच्या चकत्या कपाटात ठेवतात. आपल्याकडचा त्याचा थोरला भाऊ खडीच्या क्रशरमध्ये जातो. समृद्धी महामार्गाच्या पोटात किती गेला असेल याचा विचार मी करत नाही, रक्तदाब वाढतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो, गणपतीवर.

२०१४ च्या पावसाळ्यात सिन्नरच्या बाजूच्या एका ओढ्यात मला दीड मुठीएवढा जॅस्पर मिळाला. घरी आणून कापला. पहिली चकती पाण्याखाली धुतली आणि समोरच्या वहिनी, ज्या माझ्या यंत्राच्या आवाजाबद्दल बोलायला आल्या होत्या, त्यांनी हातच जोडले. मी पाहिलं. खरंच, पिवळ्या पार्श्वभूमीवर तांबडं मोठं डोकं, दोन्हीकडे सुपासारखे कान, आणि डावीकडे वळलेली सोंड. एक काळा ठिपका डोळ्याच्या जागी. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमधून सात नारळ आले. आवाजाची तक्रार तेवढ्यापुरती विरघळली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच दगडाची दुसरी चकती काढली, पहिलीपासून सहा मिलिमीटर आत. कान होते. पण सोंड डोक्यापासून सुटली होती आणि मागच्या बाजूला सरकून शेपूट झाली होती. नातू म्हणाला, ‘आजोबा, बोका.’ बोकाच होता, तोही भांडून आलेला. तिसऱ्या चकतीत काहीच नाही, जिन्यातल्या कोपऱ्यावर पान थुंकल्यावर होतं तसं.

दगड एकच, सहा मिलिमीटरचा फरक. मी दगड दहा अंश फिरवून धरला असता तर पहिल्या चकतीतही बोकाच आला असता, नाहीतर नुसती पिचकारी. आतमध्ये तांबडा रंग कुठल्याशा भेगेतून वेडावाकडा पसरत गेला होता, लांबी-रुंदी-खोलीत. मी त्याला एका जागी सपाट पातं लावलं आणि त्या एका पातळीत जे सापडलं ते सात नारळांचं झालं. आणखी एक गोष्ट मला तेव्हापासून छळते. माझं पातं सव्वा मिलिमीटर जाडीचं. पहिल्या आणि दुसऱ्या चकतीच्या मधला तेवढा दगड तांबडा गाळ होऊन घमेल्यात गेला. त्यात काय होतं? कदाचित सगळ्यात रेखीव गणपती त्यातच असेल. मी तो गाळ कुंडीत ओतला. जास्वंदाच्याच, योगायोगाने.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. इथे घाव सोसूनही शंभरात नव्वद चकत्यांना काहीच येत नाही. त्या नव्वद चकत्या कुणी फोटो काढून पेपरात पाठवत नाही, म्हणून उरलेल्या दहा चमत्कार वाटतात.

चकती निघाली म्हणजेही काम संपत नाही. जाड पुठ्ठ्याला लंबगोल भोक पाडलेलं असतं, माझं १८ बाय २५ मिलिमीटरचं आणि ३० बाय ४० चं. ती चौकट ओल्या चकतीवरून सरकवत राहायची. वर-खाली, तिरकी, उलटी. उलटी केल्यावर आकाशाचं तळं होतं. क्षितिज मधोमध आलं की चित्र मरतं. ते तिसऱ्या हिश्श्यावर घ्यावं लागतं. मला हे कुणी शिकवलं नाही, पण दोनशे चकत्यांनंतर हाताला कळतं. जागा ठरली की ॲल्युमिनियमच्या तारेने रेघ मारायची, शाई पाण्याने जाते. बाहेरचं कापून टाकायचं. मग तुकडा मेणबत्तीवर लाख मऊ करून काडीला चिकटवायचा आणि घासायचा, आधी २२० नंबरच्या घासणीवर, मग ६००, १२००, ३००० (नंबर मोठा तितकी घासणी बारीक), शेवटी नमद्यावर सेरियम ऑक्साइडची पॉलिशची पूड. घाई केली तर जिथे माती जास्त आहे तिथे दगड लवकर झिजतो, खळगे पडतात, आणि ते पुन्हा २२० वर गेल्याशिवाय निघत नाहीत. एका अंगठीच्या खड्याला माझा अख्खा दिवस जातो. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात हिरव्या लहरींच्या जॅस्परचं एकसंध दगडातून कोरलेलं भांडं आहे, १९ टन वजनाचं, १८४३ साली पुरं झालेलं. वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की ते फिनिशिंग कुणी केलं असेल, आणि शिफ्ट किती तासांची होती.

तेव्हा आपल्या बातमीतल्या दगडावरही कुणीतरी असा दिवस घातलेला आहे. चौकट सरकवली आहे, सोंड कडेला तुटणार नाही इतकी जागा सोडली आहे. फोटोत गणपती किती नेमका मधे बसलाय पाहा. हात चांगला आहे माणसाचा. ‘स्वयंभू’ म्हटल्यावर त्याचं श्रेय गेलं.

माझ्या या पत्राने कुणाची श्रद्धा दुखावू नये म्हणून एक सांगतो. आमच्या घरात आजीपासून चालत आलेलं पंचायतन आहे. विष्णू म्हणून गंडकीचा शाळिग्राम, शंकर म्हणून नर्मदेचा बाण, आणि गणपती म्हणून शोण नदीतला तांबडा दगड, शोणभद्र. लहानपणापासून मी त्याला हात जोडतोय. त्याला सोंड नाही, कान नाहीत, डोळा नाही. नुसता तांबडा, गुळगुळीत, आवळ्याएवढा. माझ्या आताच्या नजरेला तो जॅस्परच दिसतो. सुरी लावून पाहायची माझी हिंमत नाही, आणि घरात परवानगीही नाही. पण आपल्या पूर्वजांना गणपती ओळखायला चित्राची गरज पडली नव्हती. २०१४ ची ती चकती म्हणूनच आमच्या सौ.नी देवघरात घेतली नाही. ‘तिथे आधीच आहेत ते,’ म्हणाल्या. ती टीव्हीशेजारी असते.

या दगडाचं आपल्याशी नातंही आजचं नाही. नेवाशाला प्रवरेच्या काठी पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९५४ पासून जे खणून काढलं, त्यात मध्य पुराश्मयुगातली दगडी हत्यारं आहेत, चर्टची (हाही याच घराण्यातला दगड), अकीकाची, जॅस्परची. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून भडोच बंदराला याच घराण्याचे दगड गाड्यांनी जात असल्याची नोंद आहे. आणि भडोचच्या जवळच रतनपूरच्या खाणी, पुढे खंबायत, जिथे हे दगड घडवणारे कारागीर आजही आहेत.

खंबायतला मी २०१६ मध्ये गेलो होतो, बडोद्याच्या एका लग्नाला जोडून. एका अंगणात एक म्हातारे कारागीर बसले होते. जमिनीत तिरका रोवलेला लोखंडी सुळा, त्याच्या टोकाला दगड टेकवायचा आणि उलट बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टोला द्यायचा. कपची उडते ती हातोडीच्या बाजूने नाही, सुळ्याच्या बाजूने. दहा मिनिटांत ओबडधोबड गोट्याचा लांबट मणी झाला, मोजपट्टी न लावता. मी ३४ वर्षं मायक्रॉनच्या गप्पा मारल्या, त्या माणसाने माझ्यासमोर डोळ्यांनी जेवढं अचूक केलं ते माझ्याच्याने झालं नसतं. दगड घेताना ते आधी दुसऱ्या दगडावर टकटक करून कानाला लावत. बद्द आवाज आला की बाजूला. आत भेग आहे. मीही आता तसंच करतो.

पण त्यांच्या अंगणात कोरड्या घासणीची पांढरी पूड सगळीकडे होती. खंबायतच्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग किती आहे यावर बरंच लिहिलं गेलंय. ही पूड फुप्फुसात गेली की परत निघत नाही आणि त्यावर औषध नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा बातम्या वाचून चार पोरं ग्राइंडर घेऊन नदीकाठी बसतील. दगडावर पाणी पडत नसेल तर घासू नका. मास्क हवाच, पण पाण्याला पर्याय नाही.

आणि जे चार लाख घेऊन निघालेत त्यांच्यासाठी. बाजारात चित्राच्या नावाखाली रंगवलेले दगड येतात, पुडीचे चिकट्यात दाबलेले गोळे येतात, छापील चित्रावर पारदर्शक राळ ओतलेलेही येतात. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून मागच्या बाजूला घासा, कापसाला रंग आला तर परत द्या. भिंगाने भेगा बघा, रंग सगळा भेगांतच गोळा झालेला दिसला तर तो नंतर पाजलेला आहे. तापलेली सुई टेकवून राळेचा वास येतो का बघता येतं, पण दुकानदार बघू देणार नाही. आणि खरा निघाला तरी चार लाख देऊ नका. आवडला म्हणून घ्या, त्यातल्या कारागिरीची किंमत द्या.

पत्र फार लांबलंय. कात्री चालवा, माझी हरकत नाही; मी स्वतः आयुष्यभर तेच करत आलो. मात्र आपल्या वार्ताहराला पुन्हा त्या गावी पाठवणार असाल तर एक विनंती आहे. दगड पालथा करून मागच्या बाजूचा फोटो काढून आणायला सांगा, उजेड तिरका पडेल असा. कापणाऱ्याने मागची बाजू पॉलिश केलेली नसेल तर तिथे कमानीसारख्या बारीक रेघा एकाशेजारी एक दिसतील. फोटोत मोजपट्टी ठेवा, म्हणजे त्या कमानीवरून पातं किती इंची होतं तेही मी कळवीन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त ग्राइंडर ऑपरेटर
सातपूर, नाशिक